फुफ्फुसाच्या रुग्णाला घरी व्यायाम सांगा, पण विचारायला फोनही करा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत फुफ्फुसांच्या जुनाट आजारांवर पानभर लेख आला होता. इन्हेलर कसा घ्यावा, धूम्रपान का सोडावं, लस कोणती, ऑक्सिजन कोणाला लागतो, सगळं नीट सांगितलं होतं. व्यायामाबद्दल मात्र शेवटी एकच ओळ होती: ‘रुग्णाने झेपेल तेवढा हलका व्यायाम घरच्या घरी करावा.’ लेख चांगलाच होता, पण या ओळीपाशी मी अडकलो. अगदी अशीच ओळ दोन वर्षांपूर्वी माझ्या डिस्चार्जच्या कागदावर होती आणि तिचा मला काडीचाही उपयोग झाला नाही. का झाला नाही आणि पुढे कशाने झाला, ते सांगण्यासाठी हे पत्र. ते लांबलं आहे. काटछाट करायची वेळ आली तर आकडे काढा, फोनबद्दलचा भाग ठेवा, एवढी विनंती.

मी निवृत्त पोस्टमन आहे. वय ६९. ३३ वर्षं टपाल वाटलं, त्यातली पहिली १२ पायी आणि पुढची सायकलवर. सिगारेट ३० वर्षं ओढली, ती सोडूनही आता ११ वर्षं झाली. सहा वर्षांपूर्वी फुंकण्याची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री झाली आणि सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होत जाण्याचा आजार, हे नाव कळलं. माझ्या वयाच्या आणि उंचीच्या निरोगी माणसाने जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात जेवढी हवा बाहेर टाकावी, त्याच्या ३८ टक्के मी टाकू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२१ या एका वर्षात या आजाराने ३५ लाख माणसं गेली. तरीही कॅन्सर किंवा हृदयविकार म्हटल्यावर घरात जशी शांतता पसरते, तशी या नावाने पसरत नाही. लोक म्हणतात, दमा आहे का? बरं, पंप घेत जा.

धाप लागणं म्हणजे काय हे ज्याला ती लागत नाही त्याला सांगणं कठीण आहे. जिना धावत चढल्यावर लागते ती धाप वेगळी. आमच्या धापेत छाती हवेने भरलेली असते आणि तरी हवा मिळत नाही. श्वासनळ्या अरुंद झालेल्या असतात, त्यामुळे श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ लागतो. चालायला लागलं की श्वासाचा वेग वाढतो आणि आधीची हवा पुरती बाहेर पडायच्या आत नवी आत येते. टपालाची पिशवी रिकामी न करताच तिच्यात पुढच्या फेरीची पत्रं कोंबत राहावं, तसं होतं. छाती फुगलेलीच राहते, श्वासाचा पडदा सपाट होतो, आणि माणूस उघड्या खिडकीसमोर उभा राहून गुदमरतो.

यात भीती मिसळली की संपलं. घाबरलं की श्वास आणखी उथळ आणि घाईचा होतो, आणि हवा आणखी अडकते.

मग माणूस काय करतो? ज्या कामाने धाप लागते ते काम सोडतो. मी आधी बाजारात जाणं सोडलं. मग जिना. मग आंघोळ एक दिवसाआड. केस विंचरताना धाप लागते हे मला सुरुवातीला खरंच वाटेना. एवढासा कंगवा, त्याचं काय ओझं? कारण नंतर कळलं. आमच्यासारख्यांचे मानेचे आणि खांद्याचे स्नायू श्वास ओढायच्या कामाला जुंपलेले असतात. हात डोक्याच्या वर नेला की तेच स्नायू हात धरून ठेवण्यात गुंततात आणि श्वासाला माणसं कमी पडतात. दोरीवर कपडे टाकणं, वरच्या फळीवरचा डबा काढणं, सदऱ्याच्या बाहीत हात घालणं, सगळ्याला हेच कारण.

जे मी सोडलं नाही ते माझ्या पत्नीने माझ्याकडून काढून घेतलं. “अहो, तुम्ही बसा, मी देते.” पाणी हातात, चष्मा हातात, पेपर हातात. मला उठावं लागू नये म्हणून तिने माझी खुर्ची बाथरूमच्या दाराजवळ आणून ठेवली होती. तिच्या मायेबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण त्या खुर्चीत बसून वर्षभरात माझ्या मांड्यांचं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. ज्या मांड्यांनी वीसेक वर्षं सायकल रेटली, त्यांच्यावरून पँट अशी लोंबायची की जणू दुसऱ्याची घातली आहे. आणि दुबळा पाय श्वासही जास्त मागतो. कमजोर स्नायू लवकर थकतो, त्यात लवकर आम्ल साचतं, आणि ते बाहेर काढण्यासाठी शरीर आणखी श्वास मागतं. फुफ्फुसं बिघडलेली होतीच. पण माझ्या धापेचा मोठा वाटा आता पायांतून येत होता, आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी छातीत कफ भरून मी पहिल्यांदा भरती झालो. पाच दिवसांनी घरी सोडलं. औषधांच्या कागदाला जोडून व्यायामाचा एक छापील कागद दिला: रेघांनी काढलेली सहा माणसं, कोणी हात वर केलेलं, कोणी पाय. खाली ‘झेपेल तेवढे’. कागद देणारी व्यक्ती घाईत होती. मागे रांग होती, तिचा दोष नाही. घरी येऊन तिसऱ्या दिवशी मी चित्राप्रमाणे हात वर करून चालायला लागलो. दोन मिनिटांत अशी धाप लागली की ओठ पांढरे पडले म्हणे. पत्नीने रडून घर डोक्यावर घेतलं. कागद फायलीत गेला.

घाबरलेल्या माणसाला ‘झेपेल तेवढं’ सांगितलं तर त्याला काहीच झेपत नाही, संपादक महोदय. त्याला धाप लागली की वाटतं, आपण फुफ्फुसाचं नुकसान करतोय. खरं तर व्यायामात थोडी धाप लागायलाच हवी. ती किती लागली तर ठीक आणि किती लागली तर थांबायचं, हे त्याला कोणीतरी शेजारी उभं राहून दाखवायला हवं. कागदावरची रेघांची माणसं ते दाखवू शकत नाहीत.

चार महिन्यांनी पुन्हा भरती झालो. या वेळी सहा दिवस. सुटायच्या आधी एका फिजिओथेरपिस्ट मॅडमनी मला सहा मिनिटं चालायला लावलं. ही चाचणी जगभर अशीच होते: ३० मीटरचा सरळ पट्टा, दोन टोकांना खुणा, आणि सहा मिनिटांत माणूस किती अंतर कापतो ते मोजायचं. थांबावं लागलं तर थांबायची मुभा असते, घड्याळ मात्र चालू राहतं. मी दोनदा भिंतीला टेकून थांबलो आणि २१० मीटर भरले. एके काळी मी सकाळी इतकं अंतर पिशवी खांद्याला अडकवेपर्यंत चाललेला असायचो. तो आकडा ऐकून मला रडू आलं, हे लिहायला मला संकोच नाही.

मॅडम म्हणाल्या, “काका, आठवड्यातून दोनदा व्यायामाच्या केंद्रात यायचं, आठ आठवडे. जमेल?” मी मान खाली घातली. दोन वाहनं बदलायची, वर एक जिना, आणि मला एकट्याला जाता येत नाही म्हणून मुलीने कामावर दर वेळी अर्धा दिवस रजा टाकायची. ज्याला चालता येत नाही त्याला चालायला शिकवण्यासाठी इतक्या लांब चालवत न्यायचं, हा पेच जगात सगळीकडेच आहे. त्यावर त्या म्हणाल्या, “मग आपण घरीच करू. मी एकदा घरी येईन. पुढे दर बुधवारी फोन.”

त्या आल्या तो दीड तास मला आजही जसाच्या तसा आठवतो. आल्या आल्या त्यांनी खुर्ची बाथरूमच्या दाराजवळून उचलून खिडकीशी नेली. पत्नीला जवळ बसवून घेतलं. मग मोजपट्टी काढून पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंतची बोळ मोजली. सात मीटर. माझं दवाखान्यातलं चालणं मिनिटाला ३५ मीटर पडत होतं. त्याच्या ८० टक्के वेगाने, म्हणजे मिनिटाला २८ मीटर चालायचं. २८ मीटर म्हणजे बोळीच्या चार फेऱ्या. ‘झेपेल तेवढं’ या शब्दांच्या जागी मला पहिल्यांदा एक आकडा मिळाला: मिनिटाला चार फेऱ्या. पोस्टमनला याहून सोपी भाषा कोणती?

पहिल्या दिवशी पाच मिनिटं, वीस फेऱ्या, मग विश्रांती, मग पुन्हा पाच. मोजायला पत्नीने शिवणाच्या डब्यातली बटणं काढली. पुढच्या दाराशी एक वाटी, मागच्या दाराशी एक. प्रत्येक फेरीला एक बटण नेऊन टाकायचं.

धाप मोजायची पट्टी त्यांनी बोळीच्या भिंतीवर चिकटवली. स्वीडनचे शास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांच्या नावाची ती पट्टी, शून्यापासून दहापर्यंत. शून्य म्हणजे धाप नाही, तीन म्हणजे मध्यम, पाच म्हणजे जोराची, दहा म्हणजे आयुष्यातली सर्वांत भयंकर. मला सांगितलं, तीन ते चारवर राहायचं. दोनवर असाल तर वेग वाढवा, पाचाच्या पुढे गेलात तर हळू व्हा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर माझी मर्यादा ८८ टक्के ठरली. त्याखाली गेलं की थांबायचं. छातीत दुखलं, चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारलं तर तिथेच बसायचं आणि फोन करायचा. कफाचा रंग बदलला किंवा ताप आला तर व्यायाम बंद करून आधी डॉक्टर. त्या दिवशी पत्नीच्या चेहऱ्यावरची भीती उतरताना मी पाहिली. मी धापा टाकत असताना तिला पहिल्यांदा कळत होतं की ही कितीची धाप आहे.

श्वास सोडायचा तो ओठांचा चंबू करून, गरम चहावर हळूच फुंकर घालावी तसा. घेण्याला जेवढा वेळ, सोडण्याला त्याच्या दुप्पट. त्याने नळ्या लवकर मिटत नाहीत आणि अडकलेली हवा बाहेर पडायला अवधी मिळतो. खुर्चीतून उठताना मी आधी श्वास रोखून धरायचो. त्यांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, “काका, फुंकर सोडत उठा. जोर लावायचा तो श्वास सोडताना.” दहा वेळा उठबस केली. एक लिटरची पाण्याची बाटली म्हणजे एक किलोचं वजन. दोन बाटल्या घेऊन हात खांद्यापर्यंत, दहा वेळा. धाप चढली तर टेबलावर दोन्ही कोपरं टेकून पुढे वाकायचं, म्हणजे खांद्यांचे स्नायू हात सांभाळायच्या कामातून सुटतात आणि श्वासाला मदत करतात. आणि एक छोटा हातपंखा चेहऱ्याजवळ, गालावर वारा लागेल असा धरायचा. गालावर गार वारा लागला की धापेची जाणीव कमी होते. तो पंखा अजून माझ्या खिशात असतो.

एवढं सगळं मिळूनही मी पहिल्या आठवड्यानंतर सोडून दिलं असतं. आठवडाभर उत्साह असतो. मग एक दिवस ढगाळ हवा येते, कफ जास्त वाटतो, पाहुणे येतात. एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी बटणांच्या वाटीकडे बघवत नाही. मला आठही आठवडे चालवलं ते बुधवारच्या फोनने.

तिसऱ्या आठवड्यात मला सर्दी झाली होती. तीन दिवस व्यायाम बंद, आणि सर्दी बरी झाल्यावर पुढचे दोन दिवस नुसत्या धास्तीने बंद. बुधवारी अकरा वाजता फोन वाजला तेव्हा मी उचलणार नव्हतो. पत्नीने उचलून माझ्या कानाला लावला. मी खरं ते सांगितलं आणि बोलणी खायची तयारी ठेवली. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “सर्दीत थांबलात ते बरोबरच केलंत. उद्या किती मिनिटं जमतील असं वाटतं?”

मी म्हणालो, “सात.”

“दहापैकी किती खात्री वाटते?”

“सहा.”

“सहा? तीन का नाही म्हणालात?”

आता या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? मी विचार करायला लागलो. म्हणालो, गेल्या आठवड्यात दहा मिनिटं सलग झाली होती, तेव्हा सात व्हायला हवीत. हिनेही बटणं मोजून ठेवली आहेत. आणि धाप चारच्या वर गेली नव्हती. मी ही कारणं सांगत होतो आणि माझी मलाच ती पटत होती. दुसऱ्या दिवशी नऊ मिनिटं चाललो. पुढे मला कळलं की असं विचारण्याचं रीतसर प्रशिक्षण असतं. उपदेश न करता माणसाकडूनच त्याची कारणं काढून घ्यायची. मी जन्मभर लोकांच्या दारात दुसऱ्यांचे निरोप नेऊन दिले. कोणीतरी ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी आपल्या दारात येणार आहे, या भरवशावर माणसं किती काय करतात हे मी पाहिलं आहे. हा फोन तसाच होता.

आठ आठवड्यांनी पुन्हा सहा मिनिटांची चाचणी झाली. २६४ मीटर, एकदाही न थांबता. ३० मीटरच्या आसपास वाढ झाली तरी ती रुग्णाला जाणवणारी मानतात. माझी ५४ होती. स्पायरोमेट्रीचा आकडा होता तिथेच राहिला, आणि मला आधीच सांगितलं होतं की तो हलणार नाही, फुफ्फुसाची झीज व्यायामाने भरून येत नाही. बदलले ते पाय, श्वासाची शिस्त आणि भीती. मी रोज आंघोळ करतो. दोरीवरचे कपडे मी काढतो. आपला पेपर सकाळी फाटकाजवळ पडतो, तो मी स्वतः जाऊन आणतो.

हा माझ्या एकट्याचा अनुभव असता तर मी संपादकांना पत्र लिहिलं नसतं. माझ्या मुलीने मला यावरचे निबंध शोधून समजावून सांगितले. श्वासाच्या रुग्णाला अंथरुणात ठेवायचं, अशी पूर्वी पद्धतच होती. १९५२ साली अमेरिकेतले डॉ. ॲल्व्हन बॅरॅक यांनी अशा रुग्णांना चालायला लावलं की धाप कमी होते असं लिहिलं, आणि १९६०च्या दशकात डेन्व्हरला डॉ. टॉमस पेटी यांनी त्याचा रीतसर कार्यक्रम बसवला. यालाच फुफ्फुसाचं पुनर्वसन म्हणतात. २०१५ साली वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात ६५ चाचण्या आणि ३,८२२ रुग्ण एकत्र तपासले गेले. धाप, थकवा, चालणं, रोजचं जगणं, सगळ्यात फायदा इतका स्पष्ट होता की ‘काहीच न देणं’ आणि ‘पुनर्वसन देणं’ यांची तुलना करणाऱ्या चाचण्या आता आणखी नकोत, असं त्यांनी लिहिलं. औषधांबद्दल असं वाक्य किती वेळा वाचायला मिळतं?

घरी केलं तर चालतं का, हाही प्रश्न सुटलेला आहे. २००८ मध्ये कॅनडात २५२ रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना रुग्णालयात व्यायाम आणि निम्म्यांना घरी व्यायामाची सायकल नेऊन दिली. धाप दोन्हीकडे सारखीच सुधारली. मला अधिक जवळची वाटते ती ऑस्ट्रेलियातली, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी. १६६ रुग्ण. घरच्या गटाला यंत्र नाही, सामान नाही. फिजिओथेरपिस्टची घरी एक भेट आणि आठवड्याला एक असे सात फोन. बस्स. आठ आठवड्यांनंतर हा गट चालण्यात केंद्रात जाणाऱ्यांच्या मागे नव्हता. आणि मुख्य म्हणजे घरच्या गटातल्या ९१ टक्के रुग्णांनी कार्यक्रम पुरा केला. केंद्रात जाणाऱ्यांपैकी ४९ टक्क्यांनी. ते ४९ टक्के वाचताना मला माझी खाली घातलेली मान आठवली. २०२३ साली अमेरिकेच्या थोरॅसिक सोसायटीने, म्हणजे छातीच्या डॉक्टरांच्या संघटनेने, आपल्या शिफारशींत केंद्रात येणं किंवा दूरस्थ पद्धतीने घरी करणं, असा पर्याय रुग्णापुढे ठेवावा असं म्हटलं. फुफ्फुसांना चट्टे पडण्याचा जो आजार असतो, आयएलडी, त्याच्या रुग्णांनाही पुनर्वसन द्यावं असं त्यात स्पष्ट आहे.

आणि प्रत्यक्षात? अमेरिकेत २०१४ साली सीओपीडीसाठी भरती झालेल्या १,९७,३७६ वृद्धांची नोंद तपासली, तर घरी सोडल्यापासून ९० दिवसांच्या आत ज्यांचं पुनर्वसन सुरू झालं ते निघाले दीड टक्का. वर्षभरात त्यांच्यातले ७.३ टक्के दगावले, बाकीच्यांतले १९.६ टक्के. जे पुनर्वसनाला गेले ते मुळातच तब्येतीने बरे असतील, हे मला समजतं, म्हणून सगळं श्रेय व्यायामाला मी देणार नाही. पण साडेअठ्ठ्याण्णव टक्के लोकांना ते त्या ९० दिवसांत मिळालंच नाही, यात शंकेला जागा कुठे आहे?

म्हणून माझं मागणं एवढंच आहे. फुफ्फुसाच्या रुग्णाला घरी सोडताना छापील कागद हातात देऊन ‘घरी व्यायाम सांगितला’ अशी नोंद करू नये. त्याला एकदा चालवून बघावं. कोणीतरी त्याचं घर बघावं, किंवा निदान व्हिडिओवरून बघावं, त्याची बोळ किती लांब आहे ते विचारावं आणि आकडा ठरवून द्यावा. आणि आठ आठवडे, ठरलेल्या दिवशी, प्रशिक्षित माणसाने फोन करावा. माझ्या दोन्ही भरतींची बिलं विम्यातून भागली. त्या सात फोनांना विम्याच्या अर्जात रकानाच नव्हता. तो रकाना असायला हवा. डॉक्टरांनी इन्हेलरच्या खालच्या ओळीत व्यायाम लिहावा, पण ‘झेपेल तेवढा’ नव्हे. किती मिनिटं, किती वेगाने, कितीच्या धापेपर्यंत, आणि फोन कोण करणार, तेही.

वाचकांपैकी कोणी रुग्ण असेल तर माझं वाचून उद्या बोळीत चालायला लागू नका. आधी तपासून घ्या. हृदयाचा त्रास असेल, ऑक्सिजन चालताना खाली जात असेल, तर तुमचा वेग आणि तुमची मर्यादा वेगळी असेल. माझे आकडे माझे आहेत. आणि घरच्यांना सांगायचं तर, आम्हाला पाणी आणून देऊ नका. आम्ही उठून घेतो. फार तर बटणं मोजा.

एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती लपवणं बरं नव्हे. आठ आठवडे संपले तसे फोन थांबले. सुरुवातीला मी नेमाने चाललो. मग पाच दिवसांचे चार झाले, चाराचे दोन. वर्षाने चाचणी केली तेव्हा अंतर २३१ मीटरवर आलं होतं. ऑस्ट्रेलियातल्या त्या चाचणीतही हेच झालं. वर्षाअखेर दोन्ही गटांचा फायदा टिकला नव्हता. म्हणजे सात फोनांनीही पुरत नाही. पुढे काय करायचं याची व्यवस्था निदान मला तरी कोणी सांगितली नव्हती.

दुसऱ्या भरतीच्या वेळी माझ्या शेजारच्या खाटेवर एक गृहस्थ होते, निवृत्त शिंपी. त्यांचा नंबर माझ्याकडे होता. वर्षाची चाचणी झाली त्याच आठवड्यात मी त्यांना फोन केला. तेव्हापासून बुधवारी अकरा वाजता मी त्यांना करतो आणि शनिवारी ते मला करतात. त्यांची बोळ पाच मीटरची आहे. गेल्या बुधवारी ते म्हणाले, तीन दिवस काहीच केलं नाही. मी विचारलं, उद्या किती मिनिटं? ते म्हणाले, सहा. मी विचारलं, दहापैकी किती खात्री? बराच वेळ ते बोलले नाहीत. फोनमध्ये फक्त त्यांची फुंकर ऐकू येत होती. मग म्हणाले, “सात.”

आपला नम्र,
एक निवृत्त पोस्टमन
(नाव छापू नये ही विनंती)